रास्पबेरी पायवरचे प्रोजेक्ट चालतात, पण सर्किट समजत नाही. पुढे कसं शिकावं?

निळी_वायर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा संगणक) आहे आणि त्याच्यासोबत घेतलेला सुट्या भागांचा डबा. पुस्तिकेतले प्रोजेक्ट करून झाले: एलईडी लुकलुकवणं, बटण, डीएस१८बी२० वापरून तापमान, अल्ट्रासॉनिक सेन्सरने अंतर. सगळे चालले. पायथन नोकरीमुळे येतं, म्हणून कोडची भीती नाही. पण पुस्तिका मिटली की एक वायरही स्वतःच्या विचाराने लावता येत नाही. एलईडीला ३३० ओहमच का, अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या एको पिनला दोन रेझिस्टर का, काही सांगता येत नाही.

आता कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजून छोटा पंप चालवायचा आहे. सेन्सरच्या मॉड्यूलवर डी-ओ (डिजिटल) आणि ए-ओ (ॲनालॉग) अशा दोन पिना आहेत. डी-ओ लावली तर फक्त ० किंवा १ मिळतो. ए-ओ कुठे लावू? पंप थेट जीपीआयओ पिनवर (प्रोग्रामने चालू-बंद होणारी पायची पिन) चालेल का? आणि मोठा प्रश्न: आधी थिअरीचं जाडजूड पुस्तक वाचून काढू, की पाय बाजूला ठेवून आर्डुइनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घेऊ?

जुना_सर्किटवाला

पंप थेट पिनवर लावू नका, एवढं आधी. बाकीचं सावकाश सांगतो.

पाय सोडायची गरज नाही आणि पुस्तक संपेपर्यंत थांबायचीही नाही. तुमच्या टेबलावर एक वस्तू कमी आहे, ती म्हणजे मल्टिमीटर. साधा डिजिटल चालेल. मी रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करत या छंदात आलो आणि माझी एकच पद्धत आहे: प्रोब लावण्याआधी काय आकडा येईल तो वहीत लिहायचा, मग मोजायचं. प्रोजेक्ट चालला यावरून कोड बरोबर आहे एवढंच कळतं. सर्किट समजलं की नाही, ते या दोन आकड्यांतल्या फरकावरून कळतं.

पुस्तिकेतला एलईडीच पुन्हा घ्या. पिन ३.३ व्होल्ट देते. लाल एलईडी स्वतःवर साधारण १.९ व्होल्ट घेतो. उरलेले १.४ व्होल्ट रेझिस्टरवर पडणार, म्हणजे ३३० ओहममधून जेमतेम ४ मिलिअँपिअर. पिनची मर्यादा १६ मिलिअँपिअर आहे, म्हणून ३३० आरामात बसतो. आता ३३० काढून १ किलोओहम लावा. करंट तिपटीने घटेल, पण एलईडीवरचं व्होल्टेज फारसं हलणार नाही. हे डोळ्यांनी पाहिलं की एलईडी रेझिस्टरसारखा वागत नाही, हे कायमचं डोक्यात बसतं. मग निळा लावून बघा. त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, रेझिस्टरसाठी जवळजवळ काही उरत नाही, म्हणून तो मंद दिसतो.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. जीपीआयओ १७ ही बोर्डावरची ११ नंबरची पिन. ती इनपुट करा आणि आतला पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) चालू ठेवा. जीपीआयओझीरो या पायथन लायब्ररीच्या बटण क्लासने पिन उघडली की तो आपोआप लागतो. पिनवर ३.३ व्होल्ट दिसतील. आता पिन आणि ग्राउंडच्या मध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि पुन्हा मोजा. आतला रेझिस्टर आणि तुमचा रेझिस्टर मिळून व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज वाटून घेणारी रेझिस्टरची जोडी) झाला. आलेल्या आकड्यावरून चिपच्या आतल्या, कधीही न दिसणाऱ्या रेझिस्टरची किंमत काढता येते! हा प्रयोग ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर मात्र करू नका. तिथे आय-टू-सीसाठी (चिपांशी दोन तारांवर बोलायची पद्धत) बोर्डावरच १.८ किलोओहमचे पुल-अप बसवलेले आहेत, ४७ किलोओहमने तिथे काही हलणार नाही.

तुमच्या एको पिनचं उत्तरही यातच आहे. तो सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि एकोवर ५ व्होल्टच देतो, पायच्या पिनला ३.३ च्या वर सोसत नाही. १ आणि २ किलोओहमचा डिव्हायडर ५ चे ३.३ करतो.

ए-ओचं म्हणाल तर पायवर ॲनालॉग इनपुटच नाही. पिनला फक्त हाय आणि लो ओळखता येतं. डी-ओवर जो ० किंवा १ येतो तो मॉड्यूलवरचा कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) ठरवतो. निळ्या चौकोनी ट्रिमपॉटचा स्क्रू फिरवून त्याची पातळी बदलते, तेही करून पाहा. खरा आकडा हवा तर मधे एमसीपी३००८ ही ॲनालॉगचं डिजिटल करणारी चिप लावा. आठ चॅनेल, १० बिट, पायशी एसपीआयवर (चिपांशी बोलायची आणखी एक पद्धत) बोलते. सेन्सर, चिप आणि तिचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत ती मोजते ते व्होल्टेज), सगळ्यांना ३.३ व्होल्टच द्या, म्हणजे एक पायरी सुमारे ३.२ मिलिव्होल्टची होते. पण सेन्सर लगेच जोडू नका. आधी १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा, त्याच्या मधल्या टोकावर मीटर ठेवा आणि पायथनमध्ये आलेला आकडा ३.२ मिलिव्होल्टने गुणून मीटरशी ताडून पाहा. दोन्ही जुळले की मग माती. उघड्या धातूच्या दांड्यांचा सेन्सर असेल तर त्याला सतत वीज देऊ नका. डीसी करंटमुळे ओल्या मातीत धातू झिजतो. वाचनापुरती वीज द्या, किंवा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या.

रिकामी_रॅम

वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी जोडते. पुढेमागे पाय ५ घेतलात तर जुन्या पुस्तिकांमधली आरपीआय डॉट जीपीआयओ ही लायब्ररी त्यावर चालत नाही. त्या बोर्डावर जीपीआयओचं काम आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेलं आहे. जीपीआयओझीरो वापरा, कोड फारसा बदलत नाही. टर्मिनलमध्ये पिनआउट एवढाच शब्द इंग्रजीत टाइप केला की बोर्डाचं पूर्ण चित्र पिनांसकट समोर येतं. पिन नंबर आणि जीपीआयओ नंबर यांचा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरं, आर्डुइनोऐवजी रास्पबेरी पाय पिकोचा विचार करा. २०२१ मध्ये आलेला छोटा मायक्रोकंट्रोलर आहे, मायक्रोपायथन चालतं आणि १२ बिटांचे तीन ॲनालॉग इनपुट बाहेर काढलेले आहेत, म्हणजे एमसीपी३००८ लागणार नाही. पायवर लिनक्स असतं, मायक्रोसेकंदाचं अचूक टायमिंग त्याच्याकडून मिळत नाही. अल्ट्रासॉनिकच्या अंतरात आकडे थोडे उडतात त्याचं एक कारण हेच. ध्वनीला जाऊन-येऊन १ सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात लिनक्स दुसऱ्याच कामात गुंतू शकतं.

जुना_सर्किटवाला

पिको चांगलाच आहे, पण शिकायचं असेल तर एकदा तरी एमसीपी३००८ हाताने जोडावी असं माझं ठाम मत आहे. ॲनालॉगचं डिजिटल कुठे होतं ते वेगळ्या चिपमध्ये डोळ्यांसमोर राहतं.

निळी_वायर

४७ किलोओहमचा प्रयोग केला. अंदाज लिहिताना पेन्सिल बराच वेळ अडली. मीटरवर १.६ व्होल्ट आले. म्हणजे वरच्या रेझिस्टरवर १.७, आणि त्याची किंमत सुमारे ५० किलोओहम. बरोबर? पुस्तिकेतलं पुल-अपचं चित्र आज पहिल्यांदा उलगडलं. आता पंपाबद्दल सांगा. तो ५ व्होल्टचा आहे, २०० मिलिअँपिअर घेतो असं त्यावर लिहिलंय. आयआरएफ५२० मॉसफेटचं (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) तयार मॉड्यूल मिळतंय, ते घेऊ का?

जुना_सर्किटवाला

अगदी बरोबर, ५० किलोओहमच्या आसपासच असतो तो.

आयआरएफ५२० घेऊ नका. त्याच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलेला दिसेल आणि ३.३ त्यात बसतो असं वाटेल. पण थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेटमधून जेमतेम २५० मायक्रोअँपिअर वाहायला लागतात ती जागा. पूर्ण चालू होण्यासाठी आरडीएस-ऑनची (चालू असतानाच्या रेझिस्टन्सची) ओळ बघा: आयआरएफ५२० साठी ती गेटवर, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या टोकावर, १० व्होल्ट धरून दिलेली आहे. तुम्हाला असा मॉसफेट हवा ज्याच्या या ओळीत २.५ व्होल्टचा आकडा आहे. डेटाशीटमधली ही एक ओळ वाचायला शिका, निम्मे भाग निवडता येतील. बीसी५४७ ट्रान्झिस्टरसुद्धा नको, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर.

जोडणी अशी. पंपाचा प्लस वेगळ्या ५ व्होल्ट सप्लायला, मायनस मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स ग्राउंडला (ड्रेन आणि सोर्स ही मॉसफेटची करंट वाहणारी दोन टोकं). सप्लायचा ग्राउंड आणि पायचा ग्राउंड एकत्र; हे विसरलं तर गेटच्या ३.३ व्होल्टला काही अर्थ राहत नाही. सप्लाय वेगळा एवढ्यासाठी, की मोटर सुरू होताना लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त करंट ओढते, पायचं व्होल्टेज कोसळतं आणि एसडी कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीतला करंट एकदम थांबत नाही, त्याला फिरायला हा रस्ता लागतो. नाहीतर तो धक्का मॉसफेटवर जातो.

गेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहम लावा आणि गेटला जोडायची पिन ९ ते २७ या जीपीआयओंमधली घ्या. पाय सुरू होताना ० ते ८ वर आतला पुल-अप लागलेला असतो, ९ ते २७ वर पुल-डाउन (ग्राउंडकडे ओढणारा). तुमचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच पंप फिरून कुंडी भरून जायला नको. १७ आहेच मोकळी.

पहिल्यांदा पंपाच्या जागी एलईडी आणि ३३० ओहम लावून चालू-बंद करून बघा. मग पंप लावा, चालवा आणि ड्रेन ते सोर्स मोजा. २०० मिलिअँपिअरला तिथे काही मोजके मिलिव्होल्ट दिसायला हवेत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर मॉसफेट पूर्ण उघडत नाहीये. डेटाशीटवरून तुमचा अंदाज आधी काढा आणि दोन्ही आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.