मदत हवी आहे: पावसाळ्यानंतर घोडी खंगली आहे, नैसर्गिक खुराक कसा बसवावा?

लालमाती

नमस्कार. आम्ही माथेरानचे. बाबा अश्वपाल आहेत, आजोबांनीही आयुष्यभर तेच केलं. आमच्या घोडीचं नाव राणी, वय अकरा-बाराच्या आसपास, अंगाने लहानखुरी. पावसाळ्यात वर काम नसतं आणि चिखलात जनावराचे हाल होतात, म्हणून तिला नेहमीप्रमाणे खाली नेरळच्या बाजूला नातेवाइकांकडे ठेवलं होतं, त्यांच्या म्हशींसोबत. दसऱ्यानंतर वर आणली तेव्हापासून तिच्याकडे बघवत नाही. बरगड्या दिसतात, पाठीचा कणा वर आलाय, पोट मात्र सुटलंय. खरारा कितीही करा, केसांवर तकाकी नाही. दस्तुरीहून (गाड्या जिथे थांबतात तो माथेरानचा नाका) येताना चढावर मध्येच थांबते. लीद कधी सैल असते आणि त्यात अख्खे चणे दिसतात. खाताना गवताचा अर्धवट चावलेला बोळा तोंडातून खाली पडतो.

सध्याचा खुराक असा: सकाळ-संध्याकाळ चंदी, प्रत्येक वेळी अंदाजे १ किलो गव्हाचा कोंडा, अर्धा किलो भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा. रात्री भाताचा पेंढा, वजनाने २ किलो भरेल. दिवसभर ती दस्तुरीवर उभी असते तेव्हा पुढ्यात काही नसतं. पर्यटक प्रेमाने चिक्की, ब्रेड, कणीस भरवतात तेवढंच.

बाजारच्या पावडरी आणि टॉनिकं नकोत, साध्या नैसर्गिक गोष्टींवर तिला उभी करायची आहे, असं बाबांचं आणि माझं ठरलंय. पण जो तो वेगळं सांगतो. एक जण म्हणतो रोज मूठभर लसूण ठेचून तोबऱ्यात घाल, दुसरा जंतांसाठी कडुनिंबाचा रस सांगतो, तिसरा म्हणतो एरंडेल पाज म्हणजे पोट साफ होईल. एकाने तर कोंबडीखाद्य मिसळायला सांगितलंय, आठवड्यात भरते म्हणे. यातलं काय खरं धरू? ती आमच्या घरातलीच एक आहे. कृपया अनुभव असणाऱ्यांनी सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर

ताई, आधी सगळ्यात तातडीचं. कोंबडीखाद्याचा कणही घोडीच्या तोंडात जाऊ देऊ नका. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखी औषधं घातलेली असतात. कोंबडीला ती पचतात, घोड्याच्या हृदयाच्या स्नायूवर मात्र ती थेट घाव घालतात, आणि त्यावर उतारा नाही. गाई-म्हशींच्या तयार पेंडीतही कधी मोनेन्सिन, कधी युरिया असतो. म्हशींसोबत राहिलेली घोडी म्हणून विचारतो: खाली असताना तिला त्यांच्या घमेल्यातलं खाद्य मिळत होतं का? विचारून घ्या.

आता राणीबद्दल. तुम्ही खुराक विचारलाय, पण तुमच्या वर्णनात खुराकाच्या आधीचे तीन प्रश्न आहेत.

पहिला, सर्रा. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्या रक्तातला हा परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. म्हशीच्या अंगात तो वरवर काही न दाखवता राहू शकतो, घोडा मात्र खंगत जातो: मधूनमधून ताप, फिकट हिरड्या, पोटाखाली आणि पायांवर सूज, मागच्या पायांत अशक्तपणा. १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हन्स यांना हा परजीवी डेरा इस्माइल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तातच सापडला, इतकं घोड्यांचं याच्याशी जुनं वैर आहे. राणीचा पावसाळा म्हशींसोबत गेलाय. रक्त तपासल्याशिवाय एक रुपयाही खुराकावर वाढवू नका. सर्रा असेल तर जगातलं उत्तम गवत घालूनही ती भरणार नाही, आणि इंजेक्शनाला उशीर झाला तर हातची जाईल.

दुसरा, दात. चावलेले बोळे पडणं आणि लिदीत अख्खे चणे, ही जोडी दिसली की मी आधी तोंड उघडतो. घोड्याचे दात वयभर वर सरकत राहतात आणि दळताना कडेला धारदार टोकं तयार होतात. ती गालाला, जिभेला कापतात. वर्षातून एकदा कानशीने दात घासून घ्यायला हवेत.

तिसरा, जंत. पोट सुटलेलं आणि कणा वर आलेला, हे जंतांचंही लक्षण असतं. ताजी लीद पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन अंडी मोजून घ्या आणि त्यानुसार औषध द्या. कडुनिंबाच्या रसाने घोड्याचे जंत पडतात यावर माझा विश्वास नाही, माझ्या पाहण्यात कधी पडलेले नाहीत. त्यात महिना वाया जातो हे त्याहून वाईट.

लसूण: रोज मूठभर दिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांद्याचंही तेच. आधीच अशक्त घोडीला तो नको. एरंडेल तर अजिबात नको. एरंडाच्या बिया घोड्याला विष आहेत आणि तेलाने आतड्याला नुसती आग होते. शिवाय बाटलीने किंवा नळकांड्याने तोंडात तेल ओतण्याची पद्धतच धोक्याची आहे. थोडंसं तेल श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसाला सूज येते, आणि अशी जनावरं मी गमावलेली पाहिली आहेत. पोट दुखत असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून औषध देतात, ते काम घरी करण्याचं नाही.

भीमथडीचा_स्वार

डॉक्टरांनी सांगितलेलं आधी करा. मी फलटणकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडी आहेत, म्हणून वैरणीबद्दल बोलतो.

ताई, तुमच्या राणीला चंदी भरपूर आहे आणि वैरण फार कमी. मोठ्या घोड्याचंसुद्धा जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, पुढ्यात खाणं असो वा नसो. घोडा चघळत राहिला की लाळ सुटते आणि ते आम्ल निवतं. रानातला घोडा दिवसाचे निम्म्याहून जास्त तास चरतो. दस्तुरीवर आठ तास रिकाम्या पोटी उभ्या असलेल्या जनावराचं जठर आतून सोलवटतं. खरं पचन मागच्या मोठ्या आतड्यात होतं, तिथे असंख्य सूक्ष्मजीव तंतू आंबवून त्यातून ताकद काढतात. त्यांना गवत लागतं. एकदम खूप दाणा पडला की तो तिथवर न पचता पोचतो, आम्ल वाढतं, आणि पोटशूळ नाहीतर खुरांची सूज मागे लागते.

आधी वजन काढा. टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. किलोत वजन येतं. त्या वजनाच्या दीड टक्क्याखाली कोरडी वैरण कधीही जाऊ देऊ नये, २ टक्के असली तर उत्तम.

कोणती वैरण? भाताचा पेंढा पोट भरतो, अंगाला लागत नाही. मारवेल किंवा पवन्याचं वाळलेलं गवत मिळालं तर सोनं समजा. ज्वारीचा चांगला वाळलेला कडबाही आम्ही वापरतो, पण कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला चारू नका, त्याने मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी थेंबथेंब गळते. हत्ती गवतावर पूर्ण भिस्त ठेवू नका. त्यात ऑक्झलेट जास्त असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं.

इथेच कोंड्याचा मुद्दा येतो. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे आठपट असतो. घोड्याला हवं असतं उलटं, कॅल्शियम दीडपट ते दुप्पट. रोज किलोकिलोने कोंडा गेला की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं. हाडं पोकळ होतात, लंगड येते, पुढे जबड्याची हाडं सुजून तोंड मोठं दिसायला लागतं. जुनी माणसं आजारी घोड्याला कोंड्याची ओली पेज देत, तेवढ्यापुरतं ते ठीक होतं. रोजचं अन्न म्हणून कोंडा मला मान्य नाही.

लालमाती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. वाचून रात्री झोप लागली नाही, पण निदान दिशा मिळाली. नातेवाइकांना विचारलं, म्हशींची पेंड राणीला दिलेली नाही म्हणतात. पेंढा आणि बांधावरचं चरणं एवढंच होतं.

टेप लावला. घेर १४८, लांबी १३८. म्हणजे २५४ किलो. बाबा म्हणाले, मागच्या उन्हाळ्यात ती याहून नक्की जास्त असणार, अंगावर हात फिरवला तरी कळायचं. डॉक्टर बघायला येणार आहेत. हिरड्या फिकट वाटतात, पण मला नीट ओळखता येत नाही. त्या येईपर्यंत चढाचं काम बंद ठेवलंय.

नालबंदाचा_पोर

खुरांकडेही लक्ष असू दे. चिखलातून आलेल्या घोड्याच्या तळव्याच्या खाचेत काळी, घाण वासाची कुज धरते. रोज खूर कोरायचे, जागा कोरडी ठेवायची, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापून घ्यायचे. खुराला हात लावल्यावर गरम लागला आणि घोडी वजन मागच्या पायांवर टाकून उभी राहिली, तर गूळ आणि चंदी त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांना फोन करा.

आणि माथेरानला हॉटेलांच्या कुंपणांना कण्हेर आहे ना? तिची मूठभर वाळलेली पानंही घोड्याला मारायला पुरतात. घाणेरीपासूनही लांब बांधा.

लालमाती

डॉक्टर येऊन गेल्या. रक्तात सर्रा सापडला नाही, पण पुन्हा एकदा नमुना घेऊ म्हणाल्या, कारण परजीवी रक्तात प्रत्येक वेळी दिसतोच असं नाही. दातांना दोन्ही बाजूंनी धारदार टोकं होती, गाल आतून सोललेला. दात घासून दिले. लिदीत जंतांची अंडी भरपूर, औषध दिलंय. लीद बादलीभर पाण्यात ढवळून ठेवायला सांगितली, तर तळाला लाल मातीचा थर बसला. जमिनीवर टाकलेलं गवत खाताना पोटात जाते म्हणे. ती माती बाहेर पडायला इसबगोल द्यायचंय, किती आणि किती दिवस, ते त्या ठरवून देणार आहेत.

आता प्रश्न पुन्हा खुराकाचाच. बाबा कोंडा एकदम सोडायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, चंदी कमी केली तर लोक म्हणतील घोडी उपाशी ठेवतात. आणि नेरळहून गवत वर आणायचा खर्चही आहेच. कमीत कमी खर्चात कसं बसवू?

गोठ्यातला_डॉक्टर

छान केलंत. बाबांना सांगा की कोंडा एकदम सोडायचाही नाही. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत हळूहळू करायचा.

२५४ किलोला २ टक्के म्हणजे ५ किलो सुका अंश (पाणी वगळून), प्रत्यक्ष वाळलेलं गवत साडेपाच किलोच्या पुढे. जास्त खाल्लं तर खाऊ द्या, तिला भरायचं आहे. पैसे वाचवायचे तर गुळाचे आणि कोंड्याचे वाचवा, ते गवतात घाला. पेंढा पूर्ण बंद करायची गरज नाही, पण निम्म्याहून जास्त चांगलं गवत हवं. बुरशीचा वास आला किंवा गंजीतून काळी धूळ उडाली तर ती पेंढी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

लसूणघास (हा चारा आहे, लसूण नव्हे) वाळवून रोज किलोभर मिळाला तर कॅल्शियमची बाजू बरीचशी सावरते आणि प्रथिनंही मिळतात. २०० ग्रॅमपासून सुरू करा. तो वाढेल तसा कोंडा उतरवत दोन्ही वेळचा मिळून पाव किलोवर आणा. चणे राहू द्या, भिजवून भरडून, दोन ऐवजी तीन वेळांत वाटून. हुलगे स्वस्त मिळाले तर शिजवून थोडे चालतील. तकाकीसाठी जवस चांगलं, ५० ग्रॅमपासून, उघड्या भांड्यात खळखळून उकळलेलं. रोज २५ ग्रॅम साधं मीठ चंदीत मिसळा, घामाच्या कामाला ते लागतंच. पाणी स्वच्छ आणि तिला हवं तेवढं. दिवसाला २५ लिटर सहज पिईल, म्हणून दस्तुरीवरही बादली असू द्या. अजवाइन, मेथी चिमूटभर घातली तर घाला. अपाय नाही, पण त्यावर आशा ठेवू नका.

दस्तुरीवर जाळीत गवत भरून टांगा. पाय अडकणार नाही इतक्या उंचीवर, म्हणजे दिवसभर चघळत राहील आणि माती पोटात जाणार नाही. पर्यटकांना चिक्कीऐवजी गाजराचा लांब चिरलेला तुकडा द्यायला सांगा. गोल चकत्या नकोत, घशात अडकतात.

जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजायला शिका. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोट फुगलं, ती लोळायला लागली, वळून कुशीकडे बघू लागली किंवा लीद थांबली आणि नाडी ६० च्या वर गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा, तोंडातून काही पाजू नका.

टेप दर पंधरा दिवसांनी त्याच जागी लावून आकडे इथे टाका. गवत नीट चालू होऊन महिना झाला आणि घेर वाढला नाही, तर आपण रक्ताकडे पुन्हा वळू.