जुन्या अपार्टमेंटमध्ये मोठा शॉवर बसवावा का?

टिळकवाडीकर:
आमची इमारत पस्तीस वर्षांपूर्वीची असून आम्ही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. न्हाणीघरातील पितळी शॉवर काढून तेथे 8 इंचांचा, पावसासारखा पाणी सोडणारा शॉवर बसवण्याचा विचार आहे. प्लंबर म्हणतात, भिंत फोडून आत डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारी झडप) घालावा लागेल. परंतु भिंतीवर आहेत तशा फरशा आता बाजारात मिळत नाहीत. भिंत न फोडता हे जमेल का?

अनगोळचा रहिवासी:
भिंतीचा प्रश्न नंतरचा, आधी पाण्याचा दाब पाहावा. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरपेक्षा 10 मीटर उंच असेल, तेव्हा कुठे साधारण 1 बार दाब मिळतो. तुमच्या डोक्यावर लगेच गच्ची आणि गच्चीवर टाकी असल्यामुळे हे अंतर जेमतेम अडीच-तीन मीटर, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास भरेल. एवढ्या दाबाचे पाणी 8 इंचांच्या जाळीच्या सगळ्या छिद्रांत विभागले गेले, की सरी पडत नाहीत, नुसते थेंब गळतात. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तोच शॉवर झकास चालतो म्हणून फसू नये.

शॉवरची जाळी काढून नळ पूर्ण उघडावा आणि 10 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. उघड्या पाइपमधून पाणी भरपूर येत असेल आणि जाळी लावल्यावरच कमी होत असेल, तर दोष जाळीतील क्षारांचा आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत हे हमखास होते. अशी जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून दातांच्या जुन्या ब्रशने घासली, की बहुधा काम भागते.

शहापूरकर:
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त जाळी काढताना तिच्या मागची दांडी फिरू देऊ नये. आमच्याकडे कारागिराने पाना लावून जोर केला आणि गंजलेली दांडी भिंतीतल्या एल्बोमध्येच (पाइपच्या काटकोनी जोडात) तुटली. मग नको म्हणत असताना दोन फरशा फोडाव्या लागल्याच. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल, तर आदल्या रात्री सांध्यावर गंज सोडवणारे तेल घालावे, दुसऱ्या पान्याने दांडी धरून ठेवावी आणि नवीन जाळी बसवताना टेफलॉन टेप गुंडाळावा. आटे बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंचाचेच असतात, त्यामुळे जाळी कोणत्याही कंपनीची चालते.

डायव्हर्टरही भिंतीत घालण्याची गरज नाही. तुमच्याकडे भिंतीबाहेरचा मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा नळ) असेल आणि त्याच्या गरम व थंड तोंडांमधील अंतर नेहमीचे 6 इंच असेल, तर त्याच जागी वर दांडी जोडता येणारा मिक्सर बसतो. मात्र दाब वाढवण्यासाठी पंप बसवायचा झाल्यास तो टाकीनंतरच्या पाइपवर आणि गिझरसह दोन्ही पाण्यांसाठी बसवावा. केवळ थंड पाण्याला पंप लावला, तर ते मिक्सरमधून गिझरच्या पाइपमध्ये उलटे ढकलले जाते. अर्थात, गिझर तेवढा दाब सोसणारा आहे की नाही, हे त्याच्यावरील पट्टीवर वाचूनच पुढे जावे.

टिळकवाडीकर:
आपणा दोघांचे आभार. उघड्या पाइपमधून बादली पाऊण मिनिटात भरली, जाळी लावून मात्र तीन मिनिटे लागली. जाळी सध्या व्हिनेगरमध्ये आहे. 8 इंचांचा नाद सोडून, ती साफ झाली नाही तर 4 इंचांची, कमी छिद्रांची जाळी घेणार आहे. दांडीला हात लावलेला नाही.