ज्युलिया नंपायपेक्षा हळू का चालते, आणि पुढे काय शिकावं?

जाळी_हजार:
पायथन आणि त्यातली ॲरेच्या गणिताची लायब्ररी नंपाय चांगली येते. आता ज्युलिया ही भाषा शिकायला घेतली आहे. सरावाला उष्णतावहनाचं द्विमितीय समीकरण घेतलं: 1000 × 1000 ची जाळी, साधी एक्सप्लिसिट फायनाइट डिफरन्स (प्रत्येक बिंदूचं पुढचं तापमान शेजाऱ्यांच्या आताच्या तापमानावरून थेट काढायचं). फॉर लूप थेट फाइलमध्येच लिहिलेत, बाहेर ओळी, आत स्तंभ. नंपायच्या स्लायसिंगपेक्षाही हळू चालतंय आणि वेळ मोजणारा टाइम मॅक्रो लाखो ॲलोकेशन (नवी मेमरी मागणं) दाखवतो. कुठे अडतंय? आणि पुढे कोणत्या क्रमानं शिकू?

स्तंभप्रेमी:
आधी लूप फंक्शनमध्ये घाला. बाकी सगळं त्यानंतर. फाइलमध्ये मोकळे लिहिलेले व्हेरिएबल ग्लोबल असतात. त्यांचा टाइप कधीही बदलू शकतो, म्हणून कंपायलर ठाम मशीन कोड बनवू शकत नाही. प्रत्येक बेरीज-गुणाकाराला टाइप तपासला जातो आणि मधली उत्तरं हीपवर, म्हणजे दर वेळी नव्यानं मागाव्या लागणाऱ्या मेमरीत जातात. तुमची लाखो ॲलोकेशन तिथूनच येतात. ॲरे, अल्फा (उष्णता पसरण्याचा गुणांक), डीटी (वेळेची पायरी) सगळं आर्ग्युमेंट म्हणून द्या. आर्ग्युमेंटचे टाइप लिहिले नाहीत तरी वेग तोच राहतो.

मोजताना पहिला कॉल सोडून द्या, त्यात कंपाइल होण्याचा वेळ मिसळलेला असतो. बेंचमार्कटूल्स पॅकेजमधला बीटाइम मॅक्रो वापरा आणि ग्लोबल नावांआधी डॉलर चिन्ह लावा.

कॅशलाइन:
वरचं बरोबर, पण लूपचा क्रमही उलटा हवा. ज्युलिया ॲरे फोरट्रानप्रमाणे स्तंभानुसार ठेवते. नंपाय एरवी ओळीनुसार. फ्लोट64 ला 8 बाइट लागतात, म्हणजे एका ओळीतले दोन शेजारी 8000 बाइट लांब. बहुतेक प्रोसेसरवर कॅशलाइन (मेमरीतून एका वेळी आणला जाणारा तुकडा) 64 बाइटची असते, तेव्हा आणलेल्या 8 संख्यांपैकी तुम्ही तिथं एकच वापरता. पहिला इंडेक्स आतल्या लूपमध्ये घ्या, 2 ते 999.

दर पायरीला ॲरे कॉपी करू नका. जुना आणि नवा असे दोन ठेवून नावांची अदलाबदल करा, 8 एमबीची कॉपी वाचते. नंपायमध्ये साधा स्लाइस म्हणजे व्ह्यू (मूळ ॲरेकडेच बघणारी खिडकी), ज्युलियात तो कॉपी होतो. टाळायचं असेल तर व्ह्यूज मॅक्रो.

आणि डीटी तपासा: दोन्ही दिशांना बिंदूंमधलं अंतर (डीएक्स) सारखं असेल तर तो डीएक्सचा वर्ग भागिले 4 अल्फा याहून मोठा नको. नाहीतर कोड कितीही वेगवान केला तरी आकडे फुटणारच.

जाळी_हजार:
दोन्ही केलं. पायरीमागे ॲलोकेशन शून्य! थ्रेड (काम अनेक कोअरवर वाटणं) लगेच लावू का?

स्तंभप्रेमी:
बाहेरच्या, म्हणजे स्तंभांच्या लूपला लावा. प्रत्येक थ्रेड नव्या ॲरेतल्या आपापल्या स्तंभात लिहितो, तिथं धोका नाही. पण सगळ्या थ्रेडनी कमाल फरक एकाच व्हेरिएबलमध्ये साठवला तर डेटा रेस (एकाच जागी एकाच वेळी अनेकांचं लिहिणं) होईल आणि उत्तर चुकू शकेल. स्तंभागणिक कमाल वेगळी ठेवा, शेवटी एकत्र करा. हे गणित मेमरीच्या वेगावर अडतं, तेव्हा 8 थ्रेडला 8 पट वेगाची अपेक्षा नको.

शिकण्यात मात्र थ्रेडच्या आधी टाइप स्टेबिलिटी, म्हणजे व्हेरिएबलचा टाइप कंपायलरला आधीच ठरवता येणं. कोड-वॉर्नटाइप मॅक्रो चालवा. लाल रंगात एनी (टाइप काहीही असू शकतो) किंवा पिवळ्या रंगात युनियन (काही मोजक्या टाइपपैकी एक) दिसलं की तिथं थांबून कारण शोधा. नेहमीची दोन कारणं: बेरीज पूर्णांक शून्यापासून सुरू करून त्यात फ्लोट मिळवणं, आणि स्ट्रक्टच्या फील्डला रिअलसारखा ॲब्स्ट्रॅक्ट (नेमका नसलेला) टाइप देणं. फ्लोट64 लिहा किंवा टाइप पॅरामीटर घ्या. मग मल्टिपल डिस्पॅच (सगळ्या आर्ग्युमेंटच्या टाइपवरून फंक्शनची योग्य आवृत्ती निवडली जाणं), मग प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं पॅकेज एन्व्हायर्नमेंट. जीपीयू त्यानंतर. रिव्हाइज पॅकेज मात्र आजच टाका, म्हणजे फंक्शन बदललं की सेशन पुन्हा सुरू करावं लागणार नाही.