‘एक्झाल्टेशन’ला मराठीत काय म्हणावे : मोक्ष, सायुज्य, की आणखी काही?

प्रश्न

तुलनात्मक धर्मविचारावरील एका लेखाचे मी मराठी भाषांतर करीत आहे. त्यात चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे बोलीत ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो, त्यांच्या एका शिकवणुकीपाशी मी अडलो आहे. मनुष्य हा स्वर्गीय पित्याचे खरोखरीचे अपत्य असून तो पुढे त्या पित्यासारखा होऊ शकतो, अशी ही शिकवण आहे, आणि या अवस्थेला ते ‘एक्झाल्टेशन’ म्हणतात. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘मोक्ष’ लिहिले. दुसऱ्यांदा वाचताना ते खटकले, म्हणून ‘सायुज्य मुक्ती’ केले, आणि तेही पटेना. लेखात १८४४ साली जोसेफ स्मिथ यांनी केलेल्या प्रवचनातले एक वाक्य आहे, ज्यात ईश्वर हा ‘एक्झाल्टेड मॅन’ असल्याचे म्हटले आहे. तिथे तर विशेषणच हवे आहे आणि ‘मुक्त मनुष्य’ असे लिहिले तर अर्थ पार बदलतो. कोशात ‘उत्कर्ष’, ‘उन्नयन’, ‘उच्चपद’ असे पर्याय दिसतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपल्याला ‘मोक्ष’ खटकला, याचे कारण त्या शब्दाच्या धातूतच आहे. मोक्ष, मुक्ती, मुक्त हे सगळे ‘मुच्’ म्हणजे सोडणे, मोकळे करणे या धातूपासून आले आहेत. आपला रोजचा ‘मोकळा’ही त्याच कुळातला. मोक्षाच्या कल्पनेत देहाची, संसाराची, नात्यांची गाठ सुटणे अभिप्रेत असते. लॅटर-डे सेंट्सच्या शिकवणुकीत नेमके उलट घडते. त्यांच्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनन्ट्स’ या धर्मग्रंथाच्या १३१व्या प्रकरणात सर्वोच्च स्वर्गाच्याही तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत वरची पायरी गाठायची तर चिरंतन विवाहाच्या करारात प्रवेश केलाच पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. हा विवाह मंदिरात होतो आणि त्याने पतिपत्नी व मुले मरणानंतरही एकमेकांशी बांधली जातात, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणजे जिथे आपल्याकडे गाठ सुटल्यावर परमपद मिळते, तिथे त्यांच्याकडे गाठ पक्की झाल्यावर मिळते. एवढा एक भेद ध्यानात घेतला तरी ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवावे लागतात, मग ते वाचकाला कितीही ओळखीचे वाटोत.

देहाच्या बाबतीतही हाच अडसर येतो. १३०व्या प्रकरणात पित्याला मनुष्याइतकेच मूर्त, हाडामांसाचे शरीर आहे असे विधान आहे, आणि उन्नत झालेला मनुष्यही पुनरुत्थित देहासह राहतो. विदेही अवस्थेची छटा असलेला कोणताही शब्द इथे चालणार नाही.

आता ‘सायुज्य’. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील दहाव्या समासात चारही मुक्ती उलगडून सांगितल्या आहेत : देवाच्या लोकी राहणे ती सलोकता, त्याच्या जवळ राहणे ती समीपता, त्याच्यासारखे रूप मिळणे ती सरूपता आणि त्याच्याशी एक होणे ती सायुज्यता. वरवर पाहता या मांडणीचा आपल्याला मोठाच उपयोग होतो, कारण सर्वोच्च स्वर्गात पोचलेल्या सर्वांना देवाचा सहवास लाभतो, मात्र त्याच्यासारखे होणे हे त्यांतल्या सर्वांत वरच्या पायरीवरच्यांनाच लाभते, हा मॉर्मन भेद आपल्याकडच्या सलोकता-सरूपता भेदाच्या बराच जवळ जातो. सायुज्यता मात्र त्यात बसत नाही. त्यांच्या मते पिता आणि पुत्र हेच मुळी दोन वेगळ्या देहांच्या वेगळ्या व्यक्ती आहेत. तेव्हा मनुष्य ईश्वरात मिळून जाईल ही कल्पना त्यांच्या विचारात कुठेच उद्भवत नाही. प्रत्येकाचे वेगळेपण कायम राहते.

मग ‘सारूप्य’ किंवा ‘सरूपता’ का नको? मला हा शब्द फार मोह घालतो, पण समर्थांनीच त्याला दोन मर्यादा घातल्या आहेत. सरूपता मिळालेल्याला देवाचे रूप मिळते, पण श्रीवत्स, कौस्तुभ आणि लक्ष्मी मिळत नाहीत. आणि पुण्य संपले की तिथून परत ढकलून देतात. पहिल्या तिन्ही मुक्ती नाशवंत, शाश्वत ती एकटी सायुज्यता, असा त्या समासाचा निर्वाळा आहे. इकडे ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनन्ट्स’च्या १३२व्या प्रकरणात चिरंतन विवाहाने बांधल्या गेलेल्या जोडप्यांविषयी ते देव होतील असे म्हटले आहे आणि त्याचे कारणच असे दिले आहे की त्यांना अंत नाही. रूपापुरते साम्य आणि तेही मुदतीचे, असा अर्थ वाहणारा शब्द या ठिकाणी ठेवणे मूळ मजकुरावर अन्याय करणारे होईल. मराठी वाचकाच्या कानात दासबोध असतोच. तो नाही असे धरून भाषांतर करता येत नाही.

विशेषणाची आपली अडचण मात्र निर्णायक ठरावी असे मला वाटते. ‘उत्कर्ष’ घेतला तर त्याचे विशेषण ‘उत्कृष्ट’ होते, आणि ‘उत्कृष्ट मनुष्य’ म्हणजे केवळ चांगला मनुष्य. शिवाय उत्कर्ष हा आपण धंद्याचा, घराण्याचा, नाटक मंडळीचा म्हणतो. त्याच्या मागोमाग अपकर्षही येऊ शकतो. ‘पदोन्नती’ हा शब्द कचेरीच्या आदेशातला आहे. ‘उच्चपद’ला विशेषणच नाही. ‘उन्नती’ घेतली की ‘उन्नत’ आपोआप मिळते, आणि मूळ लॅटिन शब्दातला ‘उंच’ हा अर्थही जसाच्या तसा राहतो. आध्यात्मिक उन्नती आपण एरवीही म्हणतो, म्हणून पारिभाषिक अर्थासाठी ‘परमोन्नती’ असा किंचित वेगळा शब्द योजावा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘स्वर्गीय पित्यासारखे होणे’ असा त्याचा उलगडा करावा, अशी माझी सूचना आहे.

आपण उल्लेखिलेले वाक्य ७ एप्रिल १८४४ रोजी इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या नोव्हू गावी झालेल्या प्रवचनातले आहे. किंग फॉलेट नावाचे एक अनुयायी विहिरीच्या कामावर झालेल्या अपघातात गेले होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ स्मिथ बोलत होते. चौघांनी ते ऐकता ऐकता किंवा त्या सुमारास टिपून घेतले. आज छापले जाते ते या टिपणांच्या जुळणीतून. तीन महिनेही झाले नाहीत तोच, २७ जूनला, कार्थेजच्या तुरुंगात स्मिथ यांची जमावाने हत्या केली. हे सांगण्याचे कारण असे की ते बोलले गेलेले, आप्ताच्या वियोगाने दुःखी असलेल्या माणसांसमोर उच्चारलेले वाक्य आहे. त्याला शास्त्रग्रंथातल्या सूत्राचा जडपणा देऊ नये. ‘ईश्वर स्वतः एके काळी आपल्यासारखाच होता आणि तो उन्नत झालेला मनुष्य आहे’ असे साधे वाक्य मला योग्य वाटते.

प्रतिसाद

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या बाजूने तीन गोष्टी जोडाव्याशा वाटतात, कारण हा लेख ख्रिस्ती वाचकांच्याही हाती पडणार आहे.

पहिली गोष्ट ‘दैवीकरण’ या शब्दाची. तो या चर्चेत आला नाही हे बरेच झाले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत ‘थिओसिस’ नावाचा सिद्धांत आहे, आणि आपण देव व्हावे यासाठी तो मनुष्य झाला, हे चौथ्या शतकातील अथनेशियस यांचे वचन प्रसिद्धच आहे. तिथे मनुष्य ईश्वराच्या कृपेत सहभागी होतो, पण ईश्वराचे सारतत्त्व त्याच्या आवाक्याबाहेर राहते. निर्माता आणि निर्मित यांच्यातली दरी बुजत नाही. मॉर्मन विचारात ती दरी मुळातच मानलेली नाही, दोघे एकाच जातकुळीचे आहेत. म्हणून ‘दैवीकरण’ थिओसिससाठी राखून ठेवावे. शिवाय वर्तमानपत्री मराठीत दैवीकरण किंवा दैवतीकरण म्हणजे लोकांनी एखाद्या पुढाऱ्याला देव करून ठेवणे, हाही अर्थ रूढ झाला आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लेखात पित्यासाठी चुकूनही ‘परमेश्वर’ लिहू नये. मराठी पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात ‘परमेश्वर’ हा शब्द ‘यहोवा’ या नामासाठी योजलेला आहे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे आपल्या सर्वांच्या तोंडचे वचन पाहावे. लॅटर-डे सेंट्सच्या मते मात्र यहोवा म्हणजे देहधारणेपूर्वीचा येशू, आणि पिता तो एलोहिम. १९१६ साली त्यांच्या अध्यक्षमंडळाने हे निवेदन करून स्पष्ट केले. तेव्हा ‘मनुष्य परमेश्वरासारखा होतो’ असे लिहिले तर ख्रिस्ती वाचक त्यातून भलतीच व्यक्ती समजेल. त्यांचा स्वतःचा नित्याचा शब्द ‘स्वर्गीय पिता’ हाच आहे, तोच ठेवावा. त्यांच्या श्रद्धेत स्वर्गीय माताही आहे, त्यामुळे हे नाते शब्दशः कुटुंबाचे आहे, हे या संबोधनाने आपोआप सूचित होते.

तिसरी गोष्ट ‘तारण’ (म्हणजे पापापासून सुटका) आणि ‘सार्वकालिक जीवन’ यांची. या चर्चमध्ये अमरत्व आणि सार्वकालिक जीवन यांत काटेकोर फरक केला जातो : पुनरुत्थानाने अमरत्व सरसकट सर्वांना मिळते, पण सार्वकालिक जीवन म्हणजे ईश्वर जसे जगतो तसे जगणे, आणि ते परमोन्नतीचेच दुसरे नाव आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘तारण’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतात. इथे ते मिसळू देऊ नयेत.

शब्दाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. ‘उन्नती’ आपली आपण होते. ‘उन्नयन’ म्हटले की कोणीतरी हात धरून वर नेतो हे त्यातल्या ‘नी’ धातूमुळे कळते, आणि ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताशिवाय हे घडत नाही, अशीच त्या चर्चची शिकवण आहे. आपल्याकडे धर्मांतर्गत शब्दांची निवड करताना फादर स्टीफन्सांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचे धैर्य दाखवले होते; त्या मानाने ‘उन्नयन’ हा काही परका शब्द नव्हे.

प्रतिसाद

‘उन्नयना’तला तो अर्थ फार मोलाचा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही त्याचे विशेषण ‘उन्नीत’ होते, आणि ‘उन्नीत मनुष्य’ वाचून कोणालाही बोध होणार नाही. क्रियेसाठी उन्नयन, अवस्थेसाठी परमोन्नती आणि व्यक्तीसाठी उन्नत, अशी वाटणी केली तर तिन्ही गरजा भागतील. ‘परमपद’ आणि ‘देवत्वप्राप्ती’ मात्र नकोत. ‘प्राप्ती’ म्हटले की प्रवास संपतो, आणि या शिकवणुकीत तो संपत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘स्वर्गीय पिता’ हा बदल मी सगळीकडे केला. मला आधी ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण शीर्षकात घ्यावीशी वाटत होती. आपली चर्चा वाचल्यावर लक्षात आले की म्हणीतला दगड मूर्तिकाराचा कोणी लागत नाही, आणि इथे तर सगळा भर मूल आपल्या वडिलांसारखे होण्यावर आहे. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ‘वारीस’ हा शब्द येतो, तोच आता शीर्षकात घेतला आहे.

एक अडचण अजून उरते. १३२व्या प्रकरणातले वचन मी ‘मग ते देव होतील’ असे उतरवले. इंग्रजीत तिथे अनेकवचन आहे आणि पहिले अक्षर लहान आहे. मराठीत ‘देव’चे अनेकवचनही ‘देव’च, आणि लहानमोठ्या अक्षरांची सोय आपल्या लिपीत नाही. त्यामुळे माझे वाक्य ‘ते त्या एका देवात मिळून जातील’ असेही वाचता येते, म्हणजे जे सायुज्य आपण दारातून बाहेर काढले ते खिडकीतून परत आत आले. ‘देवगण’ म्हटले तर इंद्राची सभा डोळ्यांसमोर येते.

प्रतिसाद

स्तोत्रसंहितेच्या ८२व्या स्तोत्रातही ‘तुम्ही देव आहात’ अशीच रचना आहे, पण लगेच पुढे ‘तुम्ही सर्व परात्पराचे पुत्र’ असे आल्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. आपल्या वाक्यालाही असाच एखादा आधार द्यावा लागेल, आणि तो त्या प्रकरणातच आहे, कारण त्या ओळींचा विषय विवाहाने बांधली गेलेली पुरुष आणि स्त्री हा आहे. ‘मग ते दोघेही देव होतील, कारण त्यांना अंत नाही’ असे लिहून पाहावे. ‘दोघेही’मुळे अनेकवचन स्पष्ट होते, प्रत्येकाचे वेगळेपण राहते, आणि ही परमोन्नती एकट्याची नाही हेही त्याच शब्दात येते.