दीनदयाळ कार्ड रात्री कुठे चालतं?

डिचोलीकर
स्पष्टच लिहितो. ज्या खासगी इस्पितळाने गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत, म्हणजे आरोग्य विम्यात, नाव घातलंय, त्याने रात्रीही कार्ड घेतलंच पाहिजे. परवा शेजारच्या काकांना ताप येऊन धाप लागली. काउंटरवर कार्ड ठेवलं तर म्हणे, ‘कार्डाचं बघणारा सकाळी नऊला येतो, तोवर डिपॉझिट भरा.’ तिघांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारांसाठी अडीच लाखांचा विमा, त्याहून मोठ्याला चार लाखांचा, असं २०१६ पासून ऐकतोय. यादीत इस्पितळांची नावं सापडतात, पण रात्री डॉक्टर कोण आहे ते कुठेच नाही. सरकारने तालुकावार तेही लावावं.

फोंड्याची नर्स
यादीने काय होणार? योजना ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालते. नेब्युलायझर लावून तासाभराने घरी पाठवलं तर कार्ड कशाला लावणार? रात्री १०८ ला फोन करा. छातीत दुखत असेल तर खासगी इस्पितळं शोधत फिरूच नका. स्टेमी या हार्ट अटॅकसाठीच्या सरकारी प्रकल्पात आरोग्य केंद्रावर काढलेला ईसीजी गोमेकॉतले, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातले, हृदयरोगतज्ज्ञ बघतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं, फुकट.

डिचोलीकर
आणि गोमेकॉने एकट्याने किती पेलायचं? पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे सगळे तिथेच, वर सावंतवाडी-दोडामार्गचे. बांबोळीला कॅज्युअल्टीत ट्रॉली मिळेपर्यंत नातेवाईकच पेशंटला धरून उभे असतात. खासगीवाल्यांनी थोडा भार उचलावा म्हणूनच ना ही योजना?

छोट्या नर्सिंग होमचा डॉक्टर
भार उचलायला ना नाही, पण हिशेब बघा. क्लेमचे पैसे मागाहून येतात, भूलतज्ज्ञाला त्याच रात्री द्यावे लागतात. पॅकेजचा दर आधीच बांधलेला. चोवीस तास कार्डासाठी वेगळा माणूस बसवणं दहा-पंधरा खाटांच्या जागेला परवडत नाही.

वकिलीण, म्हापसा
डॉक्टर, परवडण्याचा प्रश्न नंतरचा. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जीव वाचवण्याचे उपचार आधी करायचे. धाप लागलेल्या माणसाकडे डिपॉझिट मागून त्याला थांबवता येत नाही.

छोट्या नर्सिंग होमचा डॉक्टर
थांबवू नयेच. ऑक्सिजन लावा, सलाईन लावा, मग पाठवा. पण पुढचे पाच दिवस खाट अडवली तर बिल कोणाच्या नावे? न्यायालयाने तेवढं सांगितलेलं नाही.

पेडण्याची सून
मधेच विचारते. सासूबाई ७४ वर्षांच्या. सत्तरीपुढच्यांचं केंद्र सरकारचं आयुष्मान कार्ड खासगीत चालेल का?

फोंड्याची नर्स
ते इस्पितळ आयुष्मानच्या पॅनलवर असेल तर चालेल. आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनवर आजच विचारा, रात्रीच्या घाईत नको. आणि डिचोलीकर, काकांना आधी डिचोलीच्या आरोग्य केंद्रात का नेलं नाही?

डिचोलीकर
मुलगा म्हणाला, ‘कार्ड आहे तर सरकारीत कशाला?’ त्याचं काय चुकलं ते सांगा.