उन्हाळ्यासाठी सिट्रस-हर्बल परफ्यूम घेतला, दोन तासात गायब... डुप्लिकेट आहे का?

परभणीकर_०७:
नमस्कार मंडळी. परभणीला असतो, दिवसभर काउंटरवर पब्लिकसमोर बसायचं काम. इथलं ऊन तुम्हाला सांगायला नको, मे मधी पारा ४२-४३ ला जातो. हिवाळ्यात ऊदाचं अत्तर लावायचो, ते आता डोकं उठवायलंय. म्हणून संभाजीनगरला गेल्तो तेव्हा एक फ्रेश परफ्यूम घेतला, ईडीटी (ओ द तोआलेत, म्हणजे हलका प्रकार) आहे, बॉक्सवर युनिसेक्स लिहिलंय, मीपण लावतो आणि बायकोपण लावती. लावल्या लावल्या मोसंबीची साल नखानं सोलताना जो बारीक फवारा उडतो ना, डिट्टो तो वास, आणि मग थोड्या वेळानं हिरवा, तुळस-मरवा चुरगाळल्यावर येतो तसा. लै आवडला. पण सकाळी ९ ला मारला की ११ ला काहीच नाही. दुकानदार ६-७ तास म्हणला होता. फसवलं का मला? आणि असला परफ्यूम चांगला की वाईट हे बघायचं कशावरून, कारण टिकण्यावर बघितलं तर हा नापासच आहे.

गुलमंडी_सुगंध:
दादा, एवढ्यावरून डुप्लिकेट म्हणू नका. लिंबू, मोसंबी, बर्गमोट (लिंबाच्या जातीचं एक वासाचं फळ) यांच्या सालीतलं तेल म्हणजे बराचसा लिमोनीन, तो रेणू हलका, लगेच उडतो, आणि आपल्याकडच्या उन्हात अजून लवकर उडतो. त्यात ईडीटीमधी तेलाचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के. ऊद, चंदन ही जड मंडळी, ती कातडीला धरून बसतात, त्यांचा हिशोब याला लावायचा नाही. हा प्रकार पहिल्यापासून असाच आहे. जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन माणसानं १७०९ मधी जे पाणी काढलं त्यात सिट्रस आणि वनस्पतींचीच तेलं होती, नेपोलियन ते अक्षरशः अंगावर ओतून घ्यायचा. १९९४ ला केल्विन क्लाइन कंपनीचा सीके वन परफ्यूम आला तो बाई-माणूस दोघांसाठी म्हणूनच विकला, तोपण याच घराण्यातला.

आता पारखायचं कसं. दुकानातल्या कागदी पट्टीवर निर्णय घेऊ नका, पट्टीला ना घाम ना गरमी. मनगटावर मारा, चोळू नका, बाहेर उन्हात एक चक्कर मारून या आणि मग बघा खाली काय उरलंय. साल उडून गेल्यावर स्वच्छ, धुतल्या कपड्यासारखा मस्क (कस्तुरीच्या जातीचा वास) किंवा वाळा राहिला तर माल चांगला. नुसता अल्कोहोल नाहीतर आंबूस काही राहिलं तर सोडून द्या. अजून एक, तुम्हाला वास येईना म्हणजे गेला असं नसतं. नाक सरावतं, मस्क तर काही जणांना येतच नाही. ११ ला वहिनींना विचारा, किंवा शेजारच्या काउंटरवाल्याला.

जालना_बागाईतदार:
आमची मोसंबीची बाग आहे, जालन्याच्या मोसंबीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं आहे हे तुम्हाला माहीतच असल. एक सांगतो, बागंत येऊन पान चोळून बघा. सालीचा वास गोड-झणझणीत, पानाचा कडवट हिरवा, आणि आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं लागली की त्यांचा तिसराच. परफ्यूमवाले हेच घेतात, फक्त कडू संत्र्याच्या झाडाचं: पान आन कोवळ्या फांद्यांचं तेल ते पेटिटग्रेन, फुलाचं ते नेरोली. मी तर यावरच ठरवतो, साल पान फूल वेगवेगळं कळलं पायजे. नुसतीच साल आणि वर साखर असली की फरशी पुसायच्या लिक्विडचा वास येतो, तो कितीबी टिकू द्या, काय करायचा. तुम्हाला मागून मरवा-तुळस कळली म्हणता म्हणजे चांगली बाटली घेतलीय तुम्ही.

लातूरची_ताई:
दादा, एक महत्त्वाचं कुणी लिहिलंच नाही. सिट्रसवालं मानेवर मारून उन्हात जाऊ नका, वहिनींना पण सांगा. बर्गमोटच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं, ते कातडीवर असताना ऊन लागलं की काळे डाग पडतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. नामांकित कंपन्या बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल वापरतात पण सुट्ट्या तेलाचा भरवसा नाही. मी ओढणीच्या आतल्या बाजूला मारते, सुती कापडावर वास जास्त वेळ राहतो पण, पांढऱ्यावर आधी कोपऱ्यात मारून बघा, डाग पडू शकतो. आणि बाटली गाडीत नाहीतर पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका हो, उन्हाळ्यात लिमोनीन खराब होतं, वास टर्पेन्टाइनकडं जातो आणि असलं खराब झालेलं अंगाला लावलं तर खाजपण सुटते. कपाटात अंधारात ठेवा.

टिकवायचंच असल तर खाली वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब लावा, वरून हा मारा. वाळा जड असतो, धरून ठेवतो.

गुलमंडी_सुगंध:
ताई, उन्हाचं एकदम बरोबर, ते माझ्याकडून राहिलं. पण वाळ्याचं मला पटत नाही. अस्सल वाळा एवढा दमदार असतो की तो हिरवा भागच झाकून टाकतो, मग या परफ्यूमचे पैसे कशाला घालायचे. त्यापेक्षा छोट्या स्प्रेच्या बाटलीत थोडा काढून खिशात ठेवा, जेवणाच्या सुट्टीत परत मारा.

लातूरची_ताई:
एक थेंब म्हणले मी, बोटभर नाही 🙂 आमच्याकडं सगळे असंच लावतात.

परभणीकर_०७:
सगळ्यांचे आभार. बायकोला विचारलं, ती म्हणती दुपारपर्यंत शर्टाला येतो वास, मलाच येईना. बाटली खिडकीतून काढून कपाटात ठेवली. बागाईतदार दादा, आंबे बहाराला बाग बघायला आलो तर चालल का?

जालना_बागाईतदार:
या की, वहिनींना घेऊन या. सकाळी लवकर या पण, ऊन चढल्यावर फुलाचा वास तेवढा येत नाही.