डाईंगमध्ये पोळलं तर जखम किती खोल, हे कसं ओळखायचं?

रंगखाता_सोलापूर
अक्कलकोट रोडच्या टॉवेल डाईंग युनिटमध्ये प्रथमोपचाराचा तक्ता लावायचाय. उकळतं रंगाचं पाणी, वाफ आणि कॉस्टिक सोडा (तीव्र अल्कली), धोके हेच. फर्स्ट, सेकंड, थर्ड डिग्री ठाऊक आहे, पण हातावर आधीच निळा रंग चढलेला, त्यात लाली दिसणार कशी? सिव्हिलला लगेच कुणाला न्यायचं?

ड्रेसिंगरूम
नुसत्या रंगावर जाऊ नका, दुखणं आणि ओल बघा. कोरडी, हुळहुळणारी, फोड नसलेली त्वचा म्हणजे वरवरचं. आठवड्यात वण न राहता बरं होतं. फोड आलेत, फुटल्या जागी तळ ओला गुलाबी आहे, वारा लागला तरी झोंबतं, ते दुसऱ्या डिग्रीतलं उथळ. हातमोजा घालून हलकं दाबलं की तळ पांढरा पडतो आणि बोट काढताच लाली परतते. दोन-तीन आठवडे धरा. लाली रेंगाळत परतली किंवा परतलीच नाही, तळ ठिपकेदार लाल-पांढरा असला, दुखणं कमी असलं तर खोल. त्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागतात, वण राहतो, बऱ्याचदा त्वचारोपणही करावं लागतं.

खरी फसगत तिसऱ्या डिग्रीत. कातड्यासारखी ताठ, पांढरी किंवा काळी त्वचा आणि टोचलं तरी कळत नाही. "दुखत नाही की ओ" म्हणणाऱ्यालाच आधी गाडीत बसवा. शिवाय पहिल्या दिवशीचा अंदाज पक्का नसतो, ४८ ते ७२ तासांत जखम आणखी खोल जाऊ शकते.

ओपीडी_७
खोलीइतकाच पसारा महत्त्वाचा. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे अंगावरच्या एकूण त्वचेचा साधारण १ टक्का. मोठ्या माणसात डोकं-मान ९, प्रत्येक हात ९, धड पुढून १८, मागून १८, प्रत्येक पाय १८. नुसती लाली यात मोजायची नाही. ती धरली की टक्केवारी फुगते आणि तिच्या हिशेबाने दिलं जाणारं सलाईन जास्त जातं.

१० टक्क्यांच्या वर गेलं तर पाठवाच. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, जननेंद्रिय, सांधा, हाताभोवती गोल फिरलेली जखम, वीज किंवा केमिकल असेल तर टक्के मोजत बसू नका.

रंगखाता_सोलापूर
म्हणजे कॉस्टिक थेट सिव्हिललाच?

ड्रेसिंगरूम
हो, पण धुऊन. कोरडे तुकडे आधी झटका, कपडे उतरवा, मग निदान अर्धा-एक तास वाहतं पाणी. अल्कली आत मुरत राहते, सुरुवातीला दुखतही नाही. व्हिनेगर ओतू नका, त्यातून उष्णता निघते. डोळ्यात गेलं असेल तर वाटेतही धूत राहा.

उकळत्या पाण्याला २० मिनिटं पुरतात. मात्र मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं येतं, म्हणून सावलीत झाकलेलं पिंप वेगळं ठेवा, खाली तोटी असलेलं. बर्फ, टूथपेस्ट, हळद नको. अंगठी-कडं सूज चढण्याआधी काढा. फोड फोडायचे नाहीत.